जुन्या ट्रेलरला आतून काय लावाल: मरीन प्लाय की डब्ल्यूपीसी?

जुना कॅरॅव्हॅन-ट्रेलर हाती लागलाय, आतलं सामान कुजलंय आणि तो उभा आहे रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात. आता आतून मरीन प्लाय (पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं चिकटवलेला प्लायवुड) मारावा की डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी प्लास्टिक मिसळून केलेली फळी), हा प्रश्न येतोच. त्याआधी एक ठरवा: ट्रेलर गाडीमागून फिरणार आहे, की वाडीत पाहुण्यांची खोली म्हणून एका जागी राहणार आहे? (वाडीत ठेवलात तरी माडाखाली नको. नारळ पत्र्याला दयामाया दाखवत नाही.)

फिरणार असेल तर माझं मत सरळ प्लायकडे. घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत ट्रेलरचा सांगाडा सतत पिळवटतो, आणि सगळा ताण स्क्रूंवर येतो. प्लाय स्क्रू धरून ठेवतो. डब्ल्यूपीसीत तोच स्क्रू दोनदा काढून घातला की भोक सैल. बिजागऱ्यांपाशी हे आधी कळतं: कपाटाचं दार खाली उतरतं आणि लागेनासं होतं. वजनात मात्र फारसा फरक नाही. बारा मिलीमीटरचा आठ बाय चारचा प्लाय साधारण 22-24 किलो भरतो, डब्ल्यूपीसीही त्याच घरात. त्यामुळे ‘प्लास्टिक म्हणजे हलकं’ या भरवशावर राहू नका. भिंतींना सहा मिलीमीटर पुरतो.

प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुकानदार काहीही देतो. आणि मरीन प्लायसुद्धा कडेनं पाणी पितोच. कापलेली प्रत्येक कड, खिडकीचा खाच, वायरीसाठी पाडलेलं भोक, सगळं इपॉक्सीनं (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) बंद करायला हवं. सुतार हे काम टाळतो, कारण ते दिसत नाही. समोर उभं राहून करून घ्या. सनमायका लावणार असाल तर मागच्या अंगालाही काहीतरी चिकटवा. एकाच बाजूनं लावलेला पातळ प्लाय पहिल्या पावसाळ्यात वाकतो.

ट्रेलर उभाच राहणार असेल तर पारडं डब्ल्यूपीसीकडे झुकतं. कोकणात उभ्या ट्रेलरचा मोठा शत्रू वाळवी. ती टेकूच्या लाकडी ठोकळ्यावरून चढते आणि कळेपर्यंत पलंगाच्या खोक्यात पोचलेली असते. डब्ल्यूपीसीला ती तोंड लावत नाही, पाण्यानं तो फुगत नाही. दोष दुसरा, उन्हाचा. यातलं पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण वजन असेल तर त्याच्या बरंच आधी लवायला लागतं. एप्रिल-मेमध्ये बंद ट्रेलर छपराशी किती तापतो ते एकदा हात लावून बघा. म्हणून छताला आणि लांब फळ्यांना तो नको; संडास-मोरीला आणि ओट्याखाली उत्तम. शेगडीच्या शेजारीही नको, पेटलं तर पीव्हीसीचा धूर घशाला भयंकर.

जमिनीसाठी मात्र नुसता प्लाय किंवा डब्ल्यूपीसी पुरत नाही, बंदरावर जा. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठेही होड्यांचं फायबर करणारे कारागीर असतात. मरीन प्लायवर त्यांच्याकडून काचतंतूंची मॅट आणि रेझिनचा थर घालून घ्या, कडा भिंतीवर चार बोटं वर चढवून. ओल्या पायांनी, वाळूसकट आत येणाऱ्या पाहुण्यांपुढे दुसरं काही टिकत नाही.

ट्रेलर खरोखर जुना, 1950-60 च्या दशकातला अमेरिकी असेल, तर सोलण्याआधी थांबा. त्यांत बऱ्याचदा आतून बर्च प्लाय आणि वर लाखेचं पॉलिश असायचं. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट झालं तर ती लाख, आपल्याकडचं स्पिरिट पॉलिशच. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत दाभण खुपसून बघा. तिथंच आत जात असेल आणि बाकी फळी ठणठणीत असेल, तर तेवढाच तुकडा बदला. अशी फळी पुन्हा मिळायची नाही. फक्त लाख दमट हवेत पांढरी पडते, म्हणून तो ट्रेलर पावसाळ्यात शेडखालीच हवा.

स्क्रू कुठल्याही पर्यायात 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या लोखंडी स्क्रूभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि खाऱ्या हवेत पत्रा भोकापाशी खायला लागतो. भिंतीत थर्मोकोल भरणार असाल तर वायरी पाइपातून न्या. थर्मोकोलला चिकटून राहिली की वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं.

गादीला फोमपेक्षा रबर लावलेला काथ्या बरा, हवा खेळते. खाली सलग फळी नको, पट्ट्या ठेवा.

शेवटी वेळेचा प्रश्न. प्लायचं काम, म्हणजे इपॉक्सी, पॉलिश, फायबर, दिवाळी ते शिमगा याच काळात नीट वाळतं. डब्ल्यूपीसी पावसातही बसवता येतो. पण सुतार मिळेल तर. गणपतीच्या आधीच्या महिन्यात तो तुमचा फोन उचलणार नाही, हे धरूनच चाला.