सोसायटीच्या गेटचं ॲप, चौदा महिन्यांनंतर: ‘कोणाकडे?’ या रकान्याबद्दल

ॲपचं नाव लिहीत नाही. अशी ॲप्स आता बऱ्याच सोसायट्यांत आहेत आणि काम साधारण सारखंच. गेटवर वॉचमनच्या हातात फोन, आलेल्याचं नाव, फोटो, मग आपल्या फोनवर विचारणा, सोडू की नको. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. रत्नागिरी शहराच्या बाहेर आमची तीन विंगची, ६४ फ्लॅटची सोसायटी आहे. ॲप १ ऑगस्ट २०२४ पासून आहे. मी लिहायला बसले, कारण जुलै २०२५ मध्ये आमच्या ए विंगमधले गुरुजी गेले आणि मला ते कळलं सकाळी पावणेदहाला, त्यांना पोचवून माणसं परत आल्यावर. मी बी विंगमध्ये राहते. त्यांचं दार माझ्या दारापासून चाळीस पावलांवर.

ॲप आलं कसं ते आधी सांगते. ६४ पैकी २७ फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतात. मालक मुंबईत, गणपतीत आणि मे महिन्यात येतात. त्यांना तिथे बसून आपल्या बंद दारापाशी कोण येतं-जातं हे कळायला हवं होतं. ती मागणी गैर नव्हती. २०२३ च्या सभेत मीही हात वर केला होता, हे प्रामाणिकपणे लिहिते. ॲप सुरू झालं त्याच आठवड्यात गेटजवळचा काळा फळा काढून पंपरूममध्ये ठेवला. आता सगळं फोनवर येतं, फळा कशाला, असं म्हणाले. तेव्हा मी काही बोलले नाही.

तो फळा गुरुजी लिहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे अक्षर असं की वाचायला माणूस थांबे. सकाळी साडेसहाला खडू घेऊन खाली यायचे. वर तिथी, खाली भरतीची वेळ. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हे आमच्या मुलांना त्यांनीच फळ्यासमोर उभं करून शिकवलं. त्याखाली पाणी किती वाजता, लाइट जाणार असेल तर कधी, कोणाकडे बाळ झालं, कोणाला दवाखान्यात ठेवलंय. एवढंच, चार-पाच ओळी. पण गेटमधून आत-बाहेर करणारा प्रत्येक जण त्या वाचायचा. दूधवाला वाचायचा, गाड्या पुसणारा मुलगा वाचायचा, आणि घरात स्मार्टफोन नसलेल्या माझ्या सासूबाईही वाचायच्या.

आता मुद्द्याचं. ॲपमध्ये कोणी गेटवर आलं की वॉचमनला पहिला रकाना भरावा लागतो, ‘कोणाकडे?’ तिथे फ्लॅट नंबर टाकायचा. एकच. तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चौदा महिन्यांत माझी जी काही तक्रार झाली, ती सगळी या एका रकान्यातून निघते.

मिरकरवाड्याहून आमच्याकडे एक भाबी मासळी घेऊन येतात. पूर्वी डोक्यावर पाटी असायची, आता मुलगा स्कूटरवरून सोडतो. पहिल्याच दिवशी वॉचमनने विचारलं, कोणाकडे? त्या म्हणाल्या, सगळ्यांकडे. फोनमध्ये ‘सगळ्यांकडे’ असं काही नाही. वॉचमनने माझा नंबर टाकला, कारण मी नेहमी घेते. दुसऱ्या दिवशी मी बँकेत होते, फोन उचलला नाही, आणि भाबी बांगडे घेऊन परत गेल्या. सौंदाळे होते म्हणे त्या दिवशी, तेही गेले.

मी कंपनीला लिहिलं. ॲपमधून तक्रार केली की एक नंबर मिळतो. तीन दिवसांनी उत्तर आलं की त्यांना ‘डेली हेल्प’मध्ये घाला, म्हणजे ज्या-ज्या फ्लॅटला हव्यात ते आपापल्या यादीत जोडतील. बरं. मी दोन संध्याकाळी तिन्ही विंग फिरून १९ घरांच्या फोनमध्ये ते जोडून दिलं. पण डेली हेल्पला फोटो लागतो आणि ओळखपत्र लागतं. भाबींनी फोटोला साफ नकार दिला. ‘वहिनी, सोसायटी नव्हती तेव्हापासून मी या रस्त्याला येते. माझा फोटो कशाला हवा?’ मला त्यावर उत्तर सुचलं नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ साली झाला. कोणाची माहिती घ्यायची तर कशासाठी घेता ते सांगा आणि त्याची संमती घ्या, हे त्यातलं मुख्य सूत्र. मी तेच दुसऱ्या तक्रारीत लिहिलं. उत्तर आलं, ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे.’ आठवड्याने तक्रार आपोआप बंद झाल्याचा मेसेज आला, सोबत आमची सेवा कशी वाटली म्हणून पाच तारे. तिसऱ्या वेळी मी फोनच केला. पलीकडची मुलगी चांगली बोलली, पण तिला ‘मासळीवाली एका घरी येत नाही’ हे समजावता समजावता सतरा मिनिटं गेली. शेवटी ती म्हणाली, मॅडम, मग त्यांना सोसायटीच्या ऑफिसचा व्हिजिटर म्हणून टाका ना. आमच्याकडे ऑफिस नाही. पंपरूम आहे.

तेव्हापासून भाबी गेटबाहेर करंजाच्या झाडाखाली बसतात. ज्यांना जमतं ते खाली उतरतात. मी रोज उतरते, आणि खरं सांगायचं तर सी विंगमधल्या तीन बायकांशी माझी नीट ओळख तिथेच झाली. पण ज्यांचे गुडघे गेलेत त्यांचं काय? गुरुजींच्या घरच्या काकू दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी भाबी त्यांच्या दारात बसून मासे साफ करून द्यायच्या, अर्धा तास बोलायच्या. कोणाची बोट अजून लागली नाही, कोणाच्या मुलीचं ठरलं, कोण आजारी. काकूंना बाहेरचं जग त्या अर्ध्या तासात कळायचं, आणि बाहेरच्यांना काकूंचं. ते थांबलं.

इथपर्यंतचं मी मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं आणि एकच तारा देणार होते. मग एप्रिल आला आणि मत थोडं बदललं.

आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी नसतं. जांभा दगड पाणी धरत नाही, सगळं समुद्राला जातं. टँकर कधी येणार हा त्या दोन महिन्यांतला सगळ्यात मोठा प्रश्न. पूर्वी त्यासाठी सेक्रेटरींना दिवसाला तीस फोन जायचे. यंदा टँकर गेटमध्ये शिरला की वॉचमन नोंद करायचा आणि त्याच मिनिटाला सगळ्यांच्या फोनवर यायचं. एकदाही चुकलं नाही. एप्रिलअखेर पार्किंगमध्ये फुरसं हा विषारी साप निघाला, त्याचाही फोटो पाच मिनिटांत सगळीकडे गेला आणि खेळणारी मुलं वर आली. फुरसं हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, संध्याकाळी पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. त्या दिवशी मी ॲपला मनापासून धन्यवाद दिले. २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला, टँकर बंद झाले, आणि मी तीन तारे देऊन हे पाठवून द्यायचं ठरवलं होतं. ते राहिलं.

शिमग्याचं मधेच सांगते, कारण ते याच रकान्याचं आहे. आमची सोसायटी गावाच्या जमिनीवर आहे, म्हणून ग्रामदेवतेची पालखी मार्चमध्ये आमच्याकडेही येते. ढोल-ताशे गेटपाशी आले. नवा वॉचमन, दुसऱ्या जिल्ह्यातला मुलगा, हातात फोन धरून क्षणभर उभा राहिला. मग त्याने फोन खुर्चीवर ठेवला, चपला काढल्या आणि दोन्ही फाटकं उघडली. त्या दिवसाची ॲपमध्ये नोंद नाही. पालखी प्रत्येक विंगसमोर नाचली. गुरुजींनी गॅलरीतून हात जोडले, ते मला अजून दिसतं.

आता जुलै. संध्याकाळपासून पावसाने धरलं होतं. आठला लाइट गेली. रात्री कधीतरी टॉवरची बॅटरीही संपली असावी, कारण फोनला रेंज नव्हती. पहाटे तीनच्या सुमारास गुरुजी गेले. मुलगी-जावई शहरातच राहतात, ते लगेच आले. पावसाला उघडीप मिळेल तेव्हाच न्यायचं, म्हणून आठची वेळ ठरली. कमिटीतल्या एकाला मधेच रेंज मिळाली, त्याने पाच चाळीसला ॲपवर सूचना टाकली. त्याच्या परीने त्याने बरोबर केलं. पण ती सूचना ढगात कुठेतरी अडकून राहिली.

मी सातला उठले. खिडक्या बंद, पत्र्यावर पाऊस, काही ऐकू येत नाही. फोनची बॅटरी तीन टक्के. चहा केला, सासूबाईंना दिला. आठच्या सुमारास पाऊस थांबला तेव्हा खाली माणसांचा आवाज आला, मला वाटलं लाइटवाले आले. पावणेदहाला लाइट आली, फोन लावला, आणि सूचनांची रांग लागली. सगळ्यात वर फर्निचरवर सूट असल्याची पट्टी, रंगीत. तिच्याखाली ‘अत्यंत दुःखद’. त्याच्याखाली टाकी साफ करण्याबद्दल. मी ते तसंच पाहिलं, त्या क्रमाने.

गुरुजींना पोचवायला सोसायटीतले अकरा जण होते. चौसष्ट फ्लॅटमधले, बंद सोडले तरी सदतीस घरांतले अकरा. काकूंनी नंतर मला एकच विचारलं, ‘तू आली नाहीस?’ 

मी वॉचमनकडे गेले. तो रात्री जागाच होता, त्याला साडेतीनलाच माहीत होतं. मी म्हटलं, अरे, बेल वाजवायची ना. तो म्हणाला, ‘काकू, बेल वाजवायला आता मनाई आहे. जे असेल ते ॲपवर.’ ते खरं होतं. ॲप आल्यावर कमिटीनेच नियम केला होता की वॉचमनने गेट सोडून विंगमध्ये जायचं नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात दोन दिवस लाइट नव्हती, रेंज नव्हती, तेव्हा याच जागेचा जुना वॉचमन टॉर्च घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरला होता. कोणाकडे मेणबत्त्या आहेत, कोणाच्या खिडकीची काच गेली, सगळं त्याने पोचवलं होतं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पैशाचंही सांगते, कारण सभेत तोच मुद्दा चालला. फ्लॅटमागे महिन्याला ३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे. ६४ फ्लॅटचे वर्षाला २७,१८७ रुपये होतात. शिवाय ॲपमधून मेंटेनन्स भरला तर वर शुल्क लागतं, म्हणून मी अजून चेकच देते. एवढ्या पैशात जिन्यांतल्या दिव्यांसाठी आणि केबिनसाठी इन्व्हर्टर येतो. एवढं देऊन आम्हाला जाहिरातीची पट्टीही बघावी लागते, आणि तीसुद्धा मरणाच्या बातमीच्या डोक्यावर. ही पट्टी शोकसूचनेवर तरी येऊ नये, एवढं कोणालाही सुचायला हवं होतं.

मुंबईकर असतात म्हणून आमची वार्षिक सभा गणपतीतच घेतो. उपविधींप्रमाणे नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी निघाली, आणि मी त्यात विषय घालायला लावला. माझा आग्रह ॲप बंद करा असा नव्हता. बंद फ्लॅटवाल्यांची अडचण मला कळते. सी विंगमधल्या एका बंद फ्लॅटमधून जूनमध्ये पाणी गळत होतं, मालकाने बोरिवलीत बसून प्लंबरला आत सोडायची परवानगी दिली, तेव्हा खालच्या घराचं छत वाचलं. चावी मात्र शेजाऱ्यांकडे होती, हेही सभेत सांगितलं. बराच वेळ वाद झाला. शेवटी एका वर्षासाठी ॲप ठेवलं, आणि तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घेतल्या. फळा परत गेटवर. कोणी गेलं तर वॉचमनने वेळ न बघता प्रत्येक दाराची बेल वाजवायची. आणि भाबींना फोटोशिवाय, नोंदीशिवाय आत सोडायचं.

फळा लागला आहे. सध्या वॉचमनच लिहितो, पाणी आणि लाइट एवढंच. तिथी आणि भरती अजून कोणी लिहीत नाही. भाबी पहिल्याच दिवशी ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि तासभर खाली आल्या नाहीत. त्या दिवशी करंजाखाली आम्ही सगळ्या वाट बघत उभ्या होतो, कोणी कुरकुर केली नाही.

पाचपैकी दोन तारे. टँकरसाठी एक, फुरशासाठी एक. कंपनीला चौथी तक्रार टाकली आहे: ‘कोणाकडे?’च्या यादीत ‘सगळ्यांकडे’ हा एक पर्याय घाला. घातलात तर मी हे परीक्षण बदलेन.