भाड्याची टूरिंग सायकल: वाई ते पोलादपूर

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरण्यासाठी आम्ही मित्रांनी पुण्यातील एका दुकानातून टूरिंग सायकली भाड्याने घेतल्या. पुढचे लहान चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागची मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) यांमुळे पेडल हलके पडते; म्हणून, कॅरिअरवर सामान लादलेले असूनही, पाचगणीपर्यंतच्या चढावर कोणालाही सायकल ढकलावी लागली नाही. सीट कडक आहे, पण ते चालण्यासारखे. खरी तक्रार ब्रेकची: आंबेनळीच्या लागोपाठच्या वळणांवर माझा मागचा डिस्क ब्रेक करकरू लागला आणि प्रतापगड फाट्यापाशी थांबून पाहिले, तर पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलेले होते. दुकानदाराने खळखळ न करता भाड्यात सूट दिली. तरीही सायकल ताब्यात घेताना पॅड स्वतः तपासावेत आणि एक जोडी जादा मागून घ्यावी.