दहा महिने तीन तुकड्यांचा रेझर वापरून: सगळं उत्तम, मळसूत्र सोडून

जुलैचा दुसरा आठवडा, सोमवारची सकाळ. बाहेर पावसानं धरलेलं, न्हाणीत उजेड कमी. डावा गाल झाला होता, उजव्याला फेस लावलेला, आणि रेझरचं डोकं सुटून मोरीत पडलं. दांडा हातात तसाच राहिला. ब्लेड पायापासून वीतभर अंतरावर. आधी वाटलं, दांडा सैल झाला असेल. झाकण उचलून पाहिलं तर त्याच्या मधोमध असलेला मळसूत्राचा खिळाच मुळाशी तुटला होता आणि उरलेला तुकडा दांड्याच्या पोटात अडकून बसला होता. तुटलेल्या जागी धातू राखाडी आणि दाणेदार दिसत होता, कडेला पांढरी भुकटी.

शेजारच्या पसऱ्यावरून, म्हणजे दुकानातून, प्लास्टिकचा रेझर आणून उजवा गाल उरकला. झाकण, दातेरी पट्टी आणि दांडा अशा तीन तुकड्यांचा हा दुधारी ब्लेडचा रेझर नोव्हेंबरात घेतला होता, अकराशे पन्नास रुपयांना. म्हणजे पुरते आठ महिनेसुद्धा झाले नव्हते.

हा लेख त्या तुटलेल्या खिळ्यामुळे लिहितोय. पण ज्यांना ब्रश-साबणाच्या दाढीकडे वळायचं आहे त्यांनी घाबरू नये म्हणून चांगलं आधी सांगतो, कारण चांगलं पुष्कळ आहे.

मी आठवड्यातून चारदा दाढी करतो. आधी पाच पात्यांचं काडतूस, म्हणजे झिजलं की बदलायचं तयार डोकं, वापरायचो, एक तीन आठवडे जायचं आणि दीडशेच्या आसपास पडायचं. दहा महिन्यांचे झाले एकवीसशे. आता अडीच-तीन रुपयांचं दुधारी ब्लेड चार दाढ्या देतं. ब्लेड बदललं की कालनिर्णयवर त्या तारखेला ठिपका देतो. आजवर त्रेचाळीस ठिपके, म्हणजे फार तर एकशे तीस रुपये. ब्रश आणि साबण धरूनही रेझरची किंमत वसूल झाली. हा हिशेब कुठल्याही खेळापेक्षा मला जास्त आनंद देतो.

आणि गळ्यावरचे फोड गेले. कॉलरच्या रेषेत कायम लाल पुरळ असायचं, केस आत वळायचे. पाच पाती एकाच ओढीत पाचदा फिरतात, ती केस कातडीखाली कापतात. एकच पातं फिरतं तेव्हा तसं होत नाही. सलूनवाला सुलटा हात मारून झाला की "उलटा मारू?" विचारतो, तेच घरी करायचं: पहिला हात केसांच्या दिशेनं, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात मी गळ्यावर मारतच नाही. ब्लेड गालाशी साधारण तीस अंशांवर राहील असा दांडा धरायचा आणि जोर शून्य, डोक्याच्या वजनावर ब्लेड चालू द्यायचं. पहिले पंधरा दिवस मी काडतुसाच्या सवयीनं दाबत होतो. तुरटी फिरवली की जिथे जिथे दाबलं तिथे झोंबायचं, त्यावरूनच शिकलो. तुरटीसारखा परखड गुरू नाही.

साबणाबद्दल मात्र माझं मत मध्येच बदललं, ते लिहायलाच हवं. सुरुवातीला घेतलेला साठ रुपयांचा गोल साबण इतका भरभरून फेसाळायचा की मी गावभर त्याची शिफारस केली. ब्रश ओला करून साबणावर अर्धा मिनिट फिरवायचा, मग चेहऱ्यावर थोडं थोडं पाणी टाकत गोल गोल घुसळायचं. फेस चक्क्यासारखा घट्ट नको, ताकासारखा पातळही नको. लोणी यायच्या आधी साय घुसळताना जशी दिसते तसा चकचकीत हवा. गोव्यात मांद्र्याला आमच्या घरी हे दोन मिनिटांत व्हायचं. विहिरीचं पाणी, भाणात, म्हणजे चुलीवरच्या हंड्यात, तापवलेलं.

मग फेब्रुवारीत लग्नाला सोलापूरला गेलो. तोच साबण, तोच ब्रश, तोच हात. बोअरच्या पाण्यात फेस आला आणि मिनिटभरात विरला, गालावर नुसता चिकट पांढरा थर उरला. मावसभावाला काय काय कौतुक सांगितलं होतं, आणि त्याच्यासमोर हे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचं फिल्टरचं पिण्याचं पाणी वाटीभर घेतलं तर फेस पुन्हा जागेवर. तेव्हा कळलं की मी साबणाला दिलेले गुण निम्मे पाण्याचे होते. आपल्याकडे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीतलं पाणी हलकं. तिकडे काळ्या दगडातलं पाणी जड, त्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका करतो आणि फेसाला साबण उरत नाही. तेव्हापासून कुणी घाटावरून विचारलं तर मी साबणाचं नाव सांगत नाही, आधी पाण्याबद्दल विचारतो.

ब्रश डुकराच्या केसांचा होता, अडीचशेचा. पहिल्या महिन्यात खरखरीत, मग केसांची टोकं फाटून मऊ झाली आणि मार्चपर्यंत तो माझा लाडका झाला. जूनमध्ये त्याला बुरशी आली. मुळाशी हिरवट छटा आणि ओल्या गोणपाटासारखा वास. आमच्याकडे पावसात चामड्याचा पट्टा आणि लाकडी पोळपाट बुरसतो, तर रोज भिजणाऱ्या केसांचं काय होणार? भाणाच्या चुलीशेजारी उलटा टांगून पाहिला, आठवडाभर बरा राहिला, मग गोंदाच्या जागी केस सुटायला लागले. शेवटी नायलॉनच्या जातीच्या धाग्यांचा ब्रश घेतला. तो झटकला की दुपारपर्यंत कोरडा. स्पर्शाला डुकराच्या केसांची सर नाही हे मी कबूल करतो, तरीही जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळ राहणाऱ्यानं दुसरा विचार करू नये.

आता मळसूत्र.

तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये जिवाचं काम तेच करतं. वर झाकण, खाली दातेरी पट्टी, मध्ये ब्लेड. जिलेटनं १९०४ साली पेटंट घेतलं तेव्हापासून मुळातली कल्पना हीच. ब्लेड फक्त ०.१ मिलिमीटर जाड, हातात धरलं तर लवलव करतं. दांडा फिरवला की झाकण आणि पट्टी त्याला कमानीसारखं वाकवून घट्ट धरतात आणि त्या वाकण्यामुळेच त्याला ताठपणा येतो. हा सगळा ताण त्या पाच मिलिमीटरच्या खिळ्यावर येतो. डोकं कितीही सुंदर घडवा, दांड्यावर कितीही नक्षी काढा, खिळा गेला की हातात उरतात तीन तुकडे.

आणि स्वस्त, मध्यम, बऱ्याच महाग रेझरांतही तो खिळा पुष्कळदा झामाकचा असतो. झामाक म्हणजे जस्त, त्यात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. जर्मन नावांची पहिली अक्षरं जुळवून केलेला शब्द. न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९ साली काढलेली ही मिश्रधातूंची जात. ती चारशे अंशांच्या आतच वितळते, साच्यात सहज भरते, म्हणून बारीक आकार स्वस्तात निघतात. वर क्रोमचा मुलामा असतो तोवर ठीक. पण मुलामा पहिल्यांदा कुठे झिजतो? आट्यांमध्ये, कारण तिथेच रोज धातूवर धातू घासतो. मग पाणी आत शिरतं. माझ्या रेझरचा दांडा पितळेचा होता. पितळ आणि जस्त ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की जस्त खाल्लं जातं, आणि त्या ओलाव्यात खारट हवेचं मीठ असलं तर आणखी वेगानं. मांद्र्याला समुद्र घरापासून दीड किलोमीटर. खिडकीचे गज आम्ही दर दोन वर्षांनी रंगवतो, ते काही हौस म्हणून नाही.

विक्रेत्याला हे सगळं लिहिलं. सोळा दिवसांत सात मेल झाले. आधी खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला, आठ महिन्यांनी. मग म्हणाले, गंज वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, हे जस्त आहे, ते लोखंडासारखं गंजत नाही, झिजून पांढरं पडतं, फोटो पाहा. मग उत्तर आलं की "पाण्याच्या संपर्कामुळे झालेलं नुकसान" वॉरंटीतून वगळलं आहे. दाढीच्या रेझरला पाणी लागणार नाही तर काय लागणार? अशी अट लिहिणाऱ्यानं ती वस्तू एकदाही वापरलेली नाही. नुसतं झाकण विकत द्या, मी पैसे भरतो, असंही विचारलं. सुटे भाग विकत नाही म्हणाले, आणि पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देऊ केली. मला सूट नको होती. मला तीस ग्रॅमचा एक तुकडा हवा होता.

शेवटी शुक्रवारी बाजाराला म्हापशाला गेलो तेव्हा तुकडे पिशवीत घातले आणि एका लेथवाल्या काकांकडे नेले. त्यांनी चष्मा वर करून खिळ्याचा तुकडा नखानं खरवडला आणि म्हणाले, "हें पितळ न्हय रे, जस्त. इतलें आवळपाचें न्हय." मी गप्प झालो. कारण मी खरोखर आवळत होतो, दाढी करताना ब्लेड हलू नये म्हणून शेवटचा पाव फेर जोर लावून. शिवाय ब्लेड बदलेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, डोकं उघडतच नव्हतो. वरून धुऊन ठेवायचो, पाणी आट्यांत तसंच राहायचं. मेल लिहिताना सगळा दोष मी समोरच्याला देत होतो. त्या दुकानात उभं असताना राग निम्म्यावर आला. सुट्या भागांबद्दलचा मात्र अजून तेवढाच आहे.

काकांनी दांड्यातला तुकडा ड्रिलनं कोरून काढला, आटे पुन्हा पाडले. झाकणाला मधोमध आरपार भोक पाडून वरून सपाट डोक्याचा स्टेनलेस स्क्रू बसवला, एम-५ मापाचा, आणि वर उरलेलं डोकं कानशीनं झाकणाच्या उतारात मिळवून टाकलं. पाऊण तास लागला. दीडशे रुपये घेतले, चहाही त्यांनीच पाजला. झाकणाच्या माथ्यावर आता नाण्यासारखा गोल दिसतो. बायको म्हणाली, कुंकू लावल्यासारखं दिसतंय.

स्टेनलेस आणि जस्त यांचंही ओल्यात पटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सवय बदलली. दाढी झाली की दांडा दोन फेर सैल करतो, धुतो, झटकतो, आट्यांना जुन्या पंच्याचा कोपरा लावतो आणि रेझर न्हाणीत न ठेवता स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवतो. ब्लेड पुसत नाही, त्यानं धारही जाते आणि बोटही कापतं. महिन्यातून एकदा आट्यांना खोबरेल तेलाचा थेंब. आवळायचं ते फक्त बोटांच्या चिमटीनं, मुठीनं नाही.

किनारपट्टीवर राहणाऱ्यानं नवा रेझर घेताना दांड्याची नक्षी बघू नये, झाकण कशाचं आहे ते विचारावं. पूर्ण पितळेचं किंवा पूर्ण स्टेनलेसचं असेल आणि खिशाला झेपत असेल तर तेच घ्यावं. झामाक घ्यायचाच असेल तर झाकण सुटं मिळतं का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. मी स्वतः स्टेनलेसचा एक पाहून ठेवलाय, साडेचार हजारांचा. तीनदा टोपलीत टाकला आणि तीनदा काढला. दीडशे रुपयांत चालणारी वस्तू हातात असताना ते माझ्याच्यानं होत नाही.

दुरुस्तीनंतर सव्वीस दाढ्या झाल्या. परवा भिंग लावून आटे पाहिले, पांढरं काही नाही. गणेशचवथीच्या पहाटेची दाढीही त्याच रेझरनं केली, भाणातल्या पाण्यानं, दोन हात, आडव्यापर्यंत. एकही थेंब रक्त नाही.