बोलिव्हर की टिशोमिंगो? मिसिसिपीतल्या दोन काउंट्या

अमेरिकेतल्या मिसिसिपी या एकाच राज्यात असल्या तरी या दोन काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) एकमेकींच्या सख्ख्या वाटत नाहीत. पश्चिमेची बोलिव्हर डेल्टामध्ये, मिसिसिपी नदीकाठच्या सखल प्रदेशात, म्हणजे पोळपाटासारखी सपाट. काळी माती, कापूस, भात, सोयाबीन. नदीकाठी मातीचे उंच बांध आहेत, तरी 1927च्या महापुरात इथल्याच माउंड्स लँडिंगजवळ बांध फुटला आणि डेल्टाचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी 1887मध्ये वसवलेलं माउंड बायू हे गाव इथेच आहे. कापसाच्या मळ्यांच्या मधोमध स्वतःच्या मालकीची जमीन, दुकानं आणि 1942मध्ये उभं राहिलेलं इस्पितळ! मला हा इतिहास एखाद्या किल्ल्याइतकाच मोलाचा वाटतो. क्लीव्हलँडमध्ये विद्यापीठ आहे. त्याच्या विद्यार्थ्यांचं लाडकं, अनधिकृत शुभचिन्ह म्हणजे चक्क भांडायला सज्ज भेंडी. (भेंडी तिथेही तळूनच आवडते.) खायला मक्याच्या पानात गुंडाळलेले तिखट तमाले, म्हणजे मक्याच्या पिठात मांसाचं सारण भरून केलेले उंडे.

ईशान्य कोपऱ्यातल्या टिशोमिंगोत मात्र चढउतार, पाईन आणि खडक. राज्याचं सर्वोच्च ठिकाण, वुडॉल माउंटन, इथलंच. उंची फक्त 806 फूट, त्यामुळे सह्याद्रीवाल्यांनी हसू आवरावं. काउंटीचं नाव चिकासॉ या मूळनिवासी जमातीच्या पुढाऱ्याचं, वस्ती प्रामुख्याने गोरी. पिकविक तलावात मासेमारी चालते.

तंबू ठोकून डोंगरात फिरायचं असेल तर टिशोमिंगो. पण एकच निवडायची तर मी बोलिव्हरला जाईन. फक्त ऑगस्टमध्ये नको, उकाडा आणि डास दोन्ही असह्य.