त्रिस्तान त्झारा यांच्या अनियतकालिकांचा डिजिटल संग्रह

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९७९ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय दादा संग्रहाने आपल्याजवळची दादावादी अनियतकालिके आणि पुस्तिका पानापानांच्या छायाचित्रांच्या रूपात सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ कला आणि मूल्यांविरुद्ध बंड म्हणून उभ्या राहिलेल्या दादा या कलाचळवळीच्या प्रवर्तकांपैकी प्रमुख असलेले रुमानियन ज्यू कवी त्रिस्तान त्झारा यांचा परिचय करून घेण्यासाठी चरित्रग्रंथांच्याही आधी या सेवेकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्झारा म्हटले की रंगमंचावरचा गोंधळ, प्रेक्षकांना दिलेली चिथावणी आणि मारामारीपर्यंत गेलेले कार्यक्रम यांचेच वर्णन बहुधा वाचायला मिळते. अंक प्रत्यक्ष समोर आल्यावर मात्र दिसतो तो अतिशय चिकाटीचा, पत्रव्यवहारात कधी न थकणारा आणि छपाईच्या प्रत्येक ओळीचा विचार करणारा संपादक.

त्झारा यांचे मूळ नाव सामुएल रोझेनस्टॉक. १८९६ साली रुमानियातील मोइनेश्ती या गावी त्यांचा जन्म झाला, तेव्हा त्या देशातील बहुसंख्य ज्यूंना नागरिकत्वाचा हक्कही नव्हता. १९१२ साली, शाळेत असतानाच, मित्र मार्सेल यांको आणि इयोन विनेआ यांच्यासह त्यांनी बुखारेस्टमध्ये ‘सिंबोलुल’ हे मासिक काढले. चळवळ उभी करायची तर आधी नियतकालिक हवे, ही त्यांची जाण इतकी जुनी आहे. १९१५ मध्ये ते तटस्थ स्वित्झर्लंडमधील झ्युरिकला आले. तेथे ५ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन लेखक-कलावंत ह्युगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी श्पीगेलगासे या गल्लीत काबारे व्होल्तेर हा कविता, गाणी आणि नाट्यप्रयोगांचा मंच सुरू केला आणि त्झारा पहिल्या दिवसापासून त्यात सामील झाले.

त्याच वर्षी बाल यांनी संपादित केलेला ‘काबारे व्होल्तेर’ हा संकलनग्रंथ या संग्रहात आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा ही सेवा वापरावी. त्यात जर्मन दादावादी कवी ह्यूल्सनबेक, यांको आणि त्झारा या तिघांची एकाच वेळी म्हणावयाची कविता समोरासमोरच्या दोन पानांवर छापलेली आहे. एक आवाज जर्मन, दुसरा इंग्रजी, तिसरा फ्रेंच. मध्येच शिट्टी, खुळखुळा आणि मोठा ढोल यांच्यासाठी लिहिलेला लयीचा भाग. संगीताच्या स्वरलिपीप्रमाणे एकाखाली एक मांडलेल्या या ओळींवरून नजर फिरवताना लक्षात येते की प्रेक्षकांना जो निव्वळ कोलाहल वाटला असेल, त्याची आखणी किती काटेकोर होती. एकमेकांशी युद्ध करणाऱ्या राष्ट्रांच्या भाषा तेथे एका मंचावर, एका श्वासात बोलल्या जात होत्या. एखाद्या ग्रंथात उद्धृत केलेल्या चार ओळींतून हे कधीच कळत नाही. त्यासाठी ते अखंड पानच पाहावे लागते.

‘दादा’ या नियतकालिकाचे अंक क्रमाने पाहण्याची सोय हा या सेवेचा दुसरा मोठा गुण. जुलै १९१७ चा पहिला अंक दिसायला शांत, जवळजवळ सोज्ज्वळ आहे. डिसेंबर १९१८ च्या तिसऱ्या अंकात मात्र तिरप्या ओळी, लहानमोठे टंक आणि एकमेकांना छेदणारा मजकूर अवतरतो, आणि त्झारा यांचा गाजलेला जाहीरनामाही याच अंकात आहे. हा बदल घडवून आणण्यात झ्युरिकचे मुद्रक युलियुस हॉयबर्गर यांचा वाटा होता. मुद्रकाचे हे श्रेय फारसे कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो. १९२० च्या सुरुवातीला त्झारा पॅरिसला पोहोचले आणि फेब्रुवारीत निघालेला सहावा अंक तेथील कार्यक्रमाची पत्रिका म्हणूनच छापला गेला.

ज्यांना त्झारा यांच्या आयुष्यातील परकेपणाचा धागा शोधायचा आहे, त्यांनी एप्रिल १९२२ चा ‘ल केर आ बार्ब’ (दाढीवाले हृदय) या नियतकालिकाचा एकमेव अंक अवश्य उघडावा. त्याच्या आधी काही आठवडे फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँ यांच्या पुढाकाराने निघालेल्या पत्रकात त्झारा यांना ‘झ्युरिकहून आलेल्या’ चळवळीचे प्रवर्तक म्हणून हिणवण्यात आले होते. मायदेशात नागरिकत्व नाकारल्या गेलेल्या समाजात जन्मलेल्या माणसाला पॅरिसच्या साहित्यिकांनी पुन्हा बाहेरचा ठरवावे, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते. त्झारा यांचे उत्तर म्हणजे हा अंक. त्याच्या मुखपृष्ठावर जुन्या कोरीव चित्रांचे तुकडे विखुरले आहेत.

वाचकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मजकूर मूळ फ्रेंच आणि जर्मन भाषांत आहे. दुसरे म्हणजे, या अनियतकालिकांतून त्झारा यांचे अर्धेच आयुष्य दिसते. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने त्यांनी केलेले काम, नाझींच्या ताब्यातील फ्रान्समध्ये लपून काढलेली वर्षे, प्रतिकार चळवळीतील लेखन, १९४७ मध्ये मिळालेले फ्रेंच नागरिकत्व आणि डिसेंबर १९६३ मधील मृत्यू या साऱ्यासाठी चरित्राचाच आधार घ्यावा लागतो. पॅरिसमधील जाक दूसे साहित्य ग्रंथालयात त्यांची कागदपत्रे जतन केलेली आहेत, परंतु घरबसल्या पाहण्याची ही सोय वेगळीच.

मराठीतील अनियतकालिकांविषयी आस्था असणाऱ्यांनी ‘दादा’चा पहिला आणि तिसरा अंक शेजारीशेजारी उघडून पाहावा. त्यासाठी संगणकाचा मोठा पडदा वापरावा. फोनवर पान मोठे करून वाचू लागले की तिरप्या ओळींचा परस्परांशी असलेला संबंध तुटतो, आणि त्झारा यांनी तो तर जाणूनबुजून बांधलेला आहे.