कुंडीतल्या झाडांना १९:१९:१९ : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. घरात आणि गॅलरीत मिळून बावीस कुंड्या: मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली, स्पायडर प्लांट, सिंगोनियम आणि एक अरेका पाम. गड्डा यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वरांची जत्रा) संपल्यावर भावजी सांगोल्याहून आले, तेव्हा डाळिंबाच्या बागेत उरलेलं किलोभर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत माझ्यासाठी घेऊन आले. पाण्यात लगेच विरघळतं, वास नाही, चिलटं नाहीत. ज्यांना घरात शेणखत ठेवता येत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, हे मी आजही मानते. पण पहिल्या महिन्याभरातच माझी नऊ झाडं करपली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मात्रा विचारली तेव्हा भावजी म्हणाले होते, लिटरला पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा पूड लिटरभर पाण्यात घालून मी दर रविवारी कुंड्यांत ओतत गेले. पहिले दोन आठवडे पानं खरंच गडद, टवटवीत दिसली. त्यामुळे शंका आलीच नाही. चौथ्या रविवारनंतर स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी झाली, मग पीस लिलीच्या पानांच्या कडा करपल्या. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकायचं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वरून आणखी पाणी घातलं. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला होता, तो बुरशी समजून त्यावर हळद टाकली. शेवटी भावजींना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला: "आवो वहिनी, ती फवारायची मात्रा हाय, कुंडीत वतायची न्हवं!"

मग हिशेब मांडला. या खतात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फेट) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के. म्हणजे एका ग्रॅममध्ये १९० मिलिग्रॅम नत्र, पाच ग्रॅममध्ये ९५०. घरातल्या सावलीतल्या झाडाला लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम नत्र पुरतं. मी जवळजवळ दहापट देत होते, तेही दर आठवड्याला. शेतात मुळांना पसरायला जागा असते आणि पाऊस क्षार खाली घेऊन जातो. कुंडीत पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात; तो पांढरा थर त्यांचाच. मातीतलं पाणी मुळांतल्या रसापेक्षा खारट झालं की मुळांना ते ओढता येत नाही, उलट त्यांचंच पाणी बाहेर येतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, तसं. म्हणूनच झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेनं वाळत होतं.

उपाय एकच, कुंडी धुणे. वरचा अर्धा इंच माती खरवडून टाकायची, मग कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट पाणी सावकाश, थांबून थांबून सोडायचं आणि ताटलीत साचलेलं लगेच फेकायचं. ते ताटलीत राहिलं तर माती तेच खारं पाणी परत शोषून घेते. सांगायला सोपं आहे. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर मावतं, म्हणजे एका कुंडीला बारा लिटर आणि नऊ कुंड्यांना शंभरावर. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. मार्चमध्ये शंभर लिटर पाणी झाडांच्या मुळांतून वाहून जाऊ द्यायचं, हे मनाला फार लागलं. दोन पाळ्यांत निम्म्या निम्म्या कुंड्या धुतल्या आणि ते पाणी साठवून जिना पुसायला वापरलं.

याच निमित्तानं टीडीएस मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घेतला आणि घरातलं प्रत्येक पाणी मोजलं. नळाचं ४१० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), सोसायटीच्या बोअरचं ११८०, आणि आरओमधून वाया जाणारं पाणी नळाच्या दुपटीला टेकलेलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी वर्षभर हेच आरओचं पाणी झाडांना घालत होते. भल्या हेतूनं केलेलं, पण खताच्या आधीपासूनच क्षार साठत होते. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर मे महिन्यात याहून वाईट, कारण पाणी उडतं आणि क्षार टाकीत घट्ट होत जातात. ही दोन्ही पाणी फरशीला आणि संडासाला वापरा, कुंडीत नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते थोडंच मिळतं, पावसाळ्यात बादली भरते.

मीटरबद्दल एक सावधगिरी. नत्र युरियाच्या रूपात असेल तर ते मीटरवर दिसत नाही, कारण युरिया विरघळल्यावर वीज वाहून नेत नाही. मातीत त्याचं अमोनियम होतं, तेव्हा त्याचा भार कळतो. त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून मात्रा वाढवू नका, वजन करूनच घाला. मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतला आहे. चमच्याचा अंदाज या खताला चालत नाही, दमट हवेत पुडीचे गोळे होतात आणि चमचाभर म्हणजे किती ते रोज बदलतं. जूनपासून पूड काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते.

धुतल्यावर एप्रिल-मे खत पूर्ण बंद. पारा ४२-४३ वर असताना झाड तग धरून असतं, वाढत नसतं, तेव्हा खत त्याच्या कामाचंच नाही. करपलेली टोकं कात्रीनं कापली, पण तपकिरी रेघ बारीकशी ठेवून. हिरव्यात कापलं की पुन्हा नवी कड वाळते. करपलेलं पान परत हिरवं होत नाही. सुधारणा बघायची ती नव्या पानात.

जूनमध्ये लिटरला अर्धा ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, असं पुन्हा सुरू केलं. आदल्या दिवशी साधं पाणी घालते, कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच नाही. सप्टेंबरच्या पावसात सगळ्या कुंड्या दोन रात्री गच्चीवर नेल्या. इतकी चांगली धुलाई नळाच्या पाण्यानं झाली नव्हती. मनी प्लांट आणि सिंगोनियम पूर्ण सावरले, पीस लिलीला ऑक्टोबरात फूल आलं. दोन स्पायडर प्लांट गेले. उपटल्यावर मुळं काळी, मऊ निघाली.

खताला पाचपैकी चार. एक गुण कापला तो पिशवीवरच्या सूचनांसाठी: सगळा हिशेब एकराचा आणि ठिबकचा, कुंडीबद्दल एक ओळ नाही. घरासाठी किलो घेऊच नका. अर्ध्या ग्रॅमनं एका किलोत दोन हजार लिटर पाणी होतं. शंभर ग्रॅम शेजारच्या काकूंना मात्रा चिठ्ठीवर लिहून दिलं, शंभर स्वतःला ठेवलं, उरलेलं दिवाळीत भावजींबरोबर सांगोल्याला परत गेलं. अरेका पामला अजून काहीच दिलेलं नाही. त्याच्या नव्या पानाची टोकं अजूनही पिवळट येतात, त्यामुळे तूर्त फक्त एसीचं साठवलेलं पाणी.