एसएसएटीच्या तयारीसाठी घेतलेली ऑनलाइन शिकवणी : सहा महिन्यांचा अनुभव

खासगी शाळेत सातवीला प्रवेश मिळावा म्हणून माझ्या मुलीने सहावीत असताना एसएसएटी (सेकंडरी स्कूल अ‍ॅडमिशन टेस्ट) ही मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या खासगी शाळांसाठीची प्रवेश परीक्षा दिली, आणि तिच्या तयारीसाठी आम्ही सहा महिने एक ऑनलाइन शिकवणी लावली होती. आठवड्यातून दोन तास, दर आठवड्याला एक शब्दचाचणी, महिन्याला एक पूर्ण सराव परीक्षा आणि तिचा लेखी अहवाल असे तिचे स्वरूप होते. शिकवणीचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी कोणतीही सेवा घेण्यापूर्वी पालकांनी काय विचारून घ्यावे, हे या अनुभवातून कळावे एवढाच माझा हेतू आहे. गणिताचे शिकवणे उत्तम होते, वाचनाचे बरे होते, शब्दसंग्रहाचे काम निराशाजनक होते, आणि परीक्षेच्या नियमांबाबत सुरुवातीला झालेली एक चूक इतकी मूलभूत होती की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

ज्यांना ही परीक्षा नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. एसएसएटी ही एनरोलमेंट मॅनेजमेंट असोसिएशन या संस्थेची परीक्षा असून ती एलिमेंटरी, मिडल आणि अपर अशा तीन पातळ्यांवर होते. पाचवी ते सातवीत शिकणारी मुले मिडल पातळीची परीक्षा देतात. माझ्या मुलीने परीक्षा दिली तेव्हा आरंभी 25 मिनिटांचे लेखन होते, त्यानंतर 30 मिनिटांत गणिताचे 25 प्रश्न, 40 मिनिटांत वाचनाचे 40 प्रश्न, 30 मिनिटांत शब्दज्ञानाचे 60 प्रश्न आणि पुन्हा 30 मिनिटांत गणिताचे 25 प्रश्न होते. शेवटी 15 मिनिटांचा एक प्रायोगिक भाग होता, ज्याचे गुण धरले जात नाहीत. मधल्या सुट्या धरल्या तर मुलाला तीन तासांहून अधिक काळ परीक्षेच्या खोलीत काढावा लागतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी ही मोठीच कसोटी आहे, आणि कॅल्क्युलेटर वापरता येत नसल्यामुळे आकडेमोडीचा भारही त्यात येतो.

आता त्या चुकीविषयी. मिडल आणि अपर पातळीवर प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाला शून्य गुण असतो. याच धर्तीची आयएसईई नावाची दुसरी प्रवेश परीक्षा आहे, जी एज्युकेशनल रेकॉर्ड्‌स ब्यूरो ही संस्था घेते. तिच्यात चार पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला काहीही कापले जात नाही. तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये हा सल्ला अगदी योग्य आहे. आमच्या शिकवणीने दोन्ही परीक्षांच्या मुलांना एकाच तुकडीत बसवले होते, आणि पहिले दोन महिने सर्वांना एकच मंत्र दिला गेला : काही झाले तरी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहा. माझी मुलगी सांगितलेले निष्ठेने पाळणारी आहे, त्यामुळे तिने ते तंतोतंत पाळले.

पहिल्या पूर्ण सराव परीक्षेत शब्दज्ञानाच्या 60 प्रश्नांपैकी तिचे 22 बरोबर आणि 38 चूक आले. एकही प्रश्न कोरा नव्हता. चुकांपोटी साडेनऊ गुण वजा होऊन तिच्या हाती साडेबारा उरले. अहवालात मात्र ‘22 बरोबर’ एवढेच ठळक अक्षरांत छापलेले होते. वजाबाकी मी घरी कागदावर केली आणि तेव्हा सगळा प्रकार लक्षात आला.

यातले गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण पाव गुण कापतात म्हणून अंदाज कधीच करू नये, असेही नाही. पाचही पर्याय सारखेच अनोळखी असतील आणि मुलाने डोळे मिटून एक निवडला, तर पाचांत एकदा एक गुण मिळतो आणि चारदा पाव गुण जातो, म्हणजे सरासरीने फायदाही नाही आणि तोटाही नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी किंचित फायद्याची होते. दोन बाद झाले तर प्रश्नामागे एक षष्ठांश गुणाचा लाभ होतो आणि अंदाज करणे शहाणपणाचे ठरते. अडचण अशी की मुले डोळे मिटून निवडत नाहीत. अर्धवट ओळखीच्या शब्दाकडे त्यांचा हात जातो, आणि प्रश्न तयार करणाऱ्याने नेमका तोच फसवा पर्याय तिथे ठेवलेला असतो. शिवाय 60 प्रश्नांना 30 मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला अर्धा मिनिट. ज्या प्रश्नात काहीच उमगत नाही त्याच्यावर घालवलेला वेळ पुढच्या सोप्या प्रश्नातून वजा होतो.

मी शिकवणीच्या समन्वयकांना पत्र लिहून हे कळवले. त्यांनी चूक मान्य केली आणि तिसऱ्या महिन्यापासून एसएसएटीच्या मुलांची तुकडी वेगळी केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवणे मला न्याय्य वाटते. मात्र दोन महिन्यांत अंगवळणी पडलेली सवय मोडायला आणखी एक महिना गेला. प्रश्न कोरा सोडला की आपण हरलो असे मुलीला वाटे. शेवटी आम्ही प्रत्येक उत्तरापुढे बारीक खूण करण्याची पद्धत लावली : खात्री असेल तर एक रेघ, दोन पर्याय बाद करून निवडले असेल तर दोन रेघा, काहीच कळले नसेल तर गोल आणि उत्तर कोरे. चौथ्या सराव परीक्षेत तिचे 31 बरोबर, 14 चूक आणि 15 कोरे आले, म्हणजे साडेसत्तावीस गुण. तिचे शब्दज्ञान त्या काळात वाढले होतेच, पण या पंधरा गुणांच्या वाढीतले सहा गुण केवळ चुका 38 वरून 14 वर आल्यामुळे वाचलेले होते.

शब्दसंग्रहासाठी शिकवणीने वर्णक्रमाने लावलेली एक लांबलचक यादी दिली होती, आणि दर आठवड्याला त्यातल्या 100 शब्दांची चाचणी होत असे. या चाचण्यांत मुलीला चांगले गुण मिळत, तरीही सराव परीक्षेत तेच शब्द आले की ती अडखळे. याचे कारण एका प्रश्नात स्वच्छ दिसले. ‘फ्रूगल’ या शब्दाचा अर्थ तिने ‘पैसे वाचवणारा’ असा पाठ केला होता. प्रश्नातल्या पर्यायांत ‘थ्रिफ्टी’ही होता आणि ‘स्टिंजी’ही होता, दोन्ही पैसे वाचवणारेच, म्हणून तिने दुसरा निवडला. मी तिला विचारले, जुन्या वहीची कोरी पाने काढून नवी वही शिवणाऱ्या मुलीला तू काय म्हणशील? ती म्हणाली, काटकसरी. आणि दुसऱ्याला पेन्सिल देताना जिचा हात आखडतो तिला? ती चटकन म्हणाली, चिक्कू! मग तिचे तिलाच हसू आले आणि तो शब्द पुन्हा कधी चुकला नाही. एका शब्दापुढे एक अर्थ लिहिलेल्या यादीतून शब्दाची छटा कळत नाही, आणि समानार्थी शब्दांच्या या 30 प्रश्नांत पुष्कळदा छटेचीच परीक्षा असते. पुढे आम्ही यादी बाजूला ठेवली आणि जवळच्या अर्थाचे तीन-तीन, चार-चार शब्द एका कार्डावर लिहून त्यांतला फरक मराठीत बोलून काढू लागलो. घरात दुसरी भाषा असणे ही या कामात अडचण नसून मोठी सोय आहे, हे मला तेव्हा उमगले.

शब्दज्ञानाचे उरलेले 30 प्रश्न दोन जोड्यांमधले साम्य ओळखण्याचे असतात, आणि या भागात मात्र शिकवणीच्या बाईंनी फार सुरेख काम केले. तारा आणि तारकासमूह यांचे जे नाते, तेच झाड आणि कशाचे, असा एक प्रश्न होता. मुलीने पहिल्या जोडीवर वाक्य केले : तारा आणि तारकासमूह दोन्ही आकाशात असतात. त्या वाक्याने झाडाबरोबर मातीही बसत होती आणि गवतही. बाईंनी उत्तर सांगितले नाही. ‘वाक्य आणखी घट्ट कर,’ एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या प्रयत्नात वाक्य आले, अनेक तारे मिळून तारकासमूह होतो, आणि मग जंगलाशिवाय दुसरे उत्तर उरले नाही. ‘घट्ट वाक्य’ हा शब्दप्रयोग आमच्या घरात कायमचा राहिला आहे.

गणिताचे शिक्षक तर या सेवेचा सर्वांत मोठा आधार होते. उत्तर बरोबर आले तरी ते मुलांना कच्चे काम पडद्यासमोर धरायला लावत. किंमत 20 टक्क्यांनी कमी होऊन पुन्हा 20 टक्क्यांनी वाढली तर ती मूळ किमतीइतकी होते का, या प्रश्नावर माझ्या मुलीने लगेच ‘हो’ म्हटले. त्यांनी तिला 200 ही किंमत घ्यायला सांगितली : 200 चे 160 झाले, आणि 160 च्या 20 टक्क्यांनी वाढून ते 192 वर थांबले. आठ कुठे गेले, हे तिने स्वतः शोधेपर्यंत ते शांत बसले. अपूर्णांक, प्रमाण, सरासरी आणि आकृतिबंध यांवर त्यांचा भर होता, आणि कॅल्क्युलेटर नसल्यामुळे आधी अंदाजे उत्तर काढून पर्याय गाळण्याची सवय त्यांनी लावली. वाचनाच्या भागाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. उतारे चांगले निवडलेले होते, चर्चा बेताची होती. लेखनाला परीक्षेत गुण दिले जात नाहीत, तरी ते जसेच्या तसे शाळांकडे पाठवले जाते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. शिकवणीने सहा महिन्यांत फक्त दोनच लेख तपासून दिले आणि हे प्रमाण मला फार अपुरे वाटले.

अहवालांतल्या पर्सेंटाइलबद्दल, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आपले मूल आहे हे सांगणाऱ्या आकड्याबद्दल, पालकांनी विशेष सावध राहावे. शिकवणी जो आकडा देते तो तिच्याच विद्यार्थ्यांमधल्या तुलनेवर आधारलेला असू शकतो, आणि आमच्या बाबतीत तो तसाच होता. प्रत्यक्ष परीक्षेचा पर्सेंटाइल त्याच इयत्तेतल्या, मागील तीन वर्षांत अमेरिकेत आणि कॅनडात प्रथमच ही परीक्षा दिलेल्या मुलांशी तुलना करून काढला जातो. ही सगळी मुले खासगी शाळांत प्रवेश घेऊ पाहणारी, म्हणजे बहुधा अभ्यासात पुढे असलेली आणि तयारी करून आलेली असतात. त्यामुळे वर्गात नेहमी पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलाचा आकडा इथे मध्यावर आला तर त्याने काही बिघडले असे समजू नये. मिडल पातळीवर प्रत्येक भागाचे गुण 440 ते 710 या पट्टीवर दिले जातात, त्यामुळे मिळालेला आकडा शाळेतल्या शंभरपैकी गुणांसारखा वाचताच येत नाही. हे सगळे मुलांना परीक्षेआधी सांगायला हवे होते. ते शिकवणीने सांगितले नाही, आम्हीच सांगितले.

आणखी एक उणीव परीक्षा अगदी तोंडावर आली असताना समोर आली. ही परीक्षा संगणकावरही देता येते आणि कागदावरही. आम्ही कागद निवडला होता, तर शिकवणीच्या सर्व सराव परीक्षा पडद्यावर होत्या. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकातला सराव संच आम्ही घरी पेन्सिलीने सोडवून घेतला, तेव्हा मुलीने 23 वा प्रश्न कोरा सोडला आणि 24 व्याचे उत्तर 23 च्या वर्तुळात भरले. तिथून प्रत्येक उत्तर एक घर वर सरकत गेले, आणि हे तिच्या ध्यानात आले ते 41 व्या प्रश्नापाशी. खोडरबराने अठरा वर्तुळे पुसताना तिचे डोळे भरून आले होते. त्यानंतर तीन आठवडे आम्ही फक्त कागदावर सराव केला आणि दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक व वर्तुळाचा क्रमांक बोटाने जुळवून पाहायचा, असा नियम केला. परीक्षेच्या दिवशी 16 प्रश्न कोरे सोडूनही उत्तरपत्रिकेत एकही गडबड झाली नाही, असे तिने बाहेर आल्यावर मला सर्वांत आधी सांगितले.

अशी एखादी सेवा घेण्याचा विचार असेल तर नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : तुकडी एकाच परीक्षेची आहे का, अहवालात चुकीच्या आणि कोऱ्या उत्तरांचे वेगळे आकडे असतात का, आणि कागदावरची एक तरी पूर्ण सराव परीक्षा होते का. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाची वेळ येईल, तेव्हा त्याच्यासाठी आम्ही याच शिकवणीचा फक्त गणिताचा भाग घेणार आहोत. शब्दांची कार्डे ताईने आत्ताच त्याच्या खणात ठेवली आहेत.